समीकरण सुटले, ताळा पाहिला का?

सातवीपर्यंत गणितात पुढे असलेले मूल आठवीत एकाएकी का अडखळते, हा प्रश्न मळमड्डीतल्या मराठी घरांत कधी ना कधी निघतोच. धारवाड रेल्वे स्थानकालगतचा हा जुना भाग. घरात मराठी, दारात कन्नड आणि शाळेत बहुधा इंग्रजी, अशी इथल्या कितीतरी मुलांची रोजची रीत. धारवाडला विद्याकाशी म्हणतात, २०१६ पासून इथे आयआयटीही आहे, त्यामुळे प्रवेश परीक्षांची चर्चा घरोघरी फार लवकर सुरू होते. अशा वातावरणात वाढलेले, पाढे पाठ असलेले, भागाकार चोख करणारे मूल ५ − २(क्ष − ३) या राशीला सोपे रूप देताना गडबडते. पालक म्हणतात, सराव कमी पडतो. शिकवणीचे सर म्हणतात, पाया कच्चा आहे. शाळा म्हणते, घरी लक्ष द्या.

तिन्ही बोलण्यांत थोडेथोडे तथ्य आहे, पण तिन्ही मिळूनही उत्तर पुरे होत नाही. म्हणून राशींना सोपे रूप देणे आणि समीकरणे सोडवणे ही बीजगणिताची दोन मूळ कामे आपल्याकडे कशी रुजली, पुस्तकांनी ती कशी मांडली, मुले नेमकी कुठे चुकतात आणि अभ्यासकांना त्यात काय आढळले, याचा हा आढावा. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. शिकवण्याच्या पद्धतींवर वाद पुष्कळ आहेत, पण त्या सगळ्यांत जो भाग वेळ नाही म्हणून पहिल्यांदा गाळला जातो, तो ताळा पाहण्याचा. आणि माझ्या मते बीजगणित मुलाच्या मालकीचे होते ते तिथेच.

सहा घोडे आणि तीनशे रूपये

बीजगणित ही परक्यांकडून आलेली, आपल्या डोक्यावर लादलेली गोष्ट आहे असे कुणी समजू नये. ऋण संख्या आणि शून्य यांचे नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त मांडले. कर्नाटकाच्या याच मातीत, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, साधारण ८५० च्या सुमारास महावीराचार्याने 'गणितसारसंग्रह' रचला. ऋण संख्येला वर्गमूळ नसते, कारण कोणताच वर्ग ऋण असत नाही, हे त्याने स्वच्छ सांगितले. आणि ११५० मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला. त्यांचे गाव सह्याद्रीच्या कुशीतले विज्जडविड. ते चाळीसगावजवळचे पाटण, बीड की विजापूर, यावर महाराष्ट्र आणि कर्नाटकातले अभ्यासक अजून भांडतात. पाटणला मात्र एक भक्कम पुरावा उभा आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापला, आणि १२०७ च्या शिलालेखात त्याची नोंद आहे. तो लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'तले एक उदाहरण मला कोणत्याही आधुनिक पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक बोलके वाटते. एका माणसाकडे सहा घोडे आणि तीनशे रूपये आहेत. दुसऱ्याकडे तशाच किमतीचे दहा घोडे आहेत, पण त्याच्यावर शंभर रूपयांचे कर्ज आहे. दोघांची मालमत्ता सारखी आहे. तर एका घोड्याची किंमत किती?

अज्ञात किमतीला 'यावत्तावत्' म्हणायचे आणि थोडक्यात 'या' लिहायचे. ज्ञात संख्येला 'रूप', थोडक्यात 'रू'. मग दोन ओळी एकाखाली एक मांडायच्या: वर 'या ६ रू ३००', खाली 'या १० रू १००', आणि या खालच्या शंभरावर ते कर्ज आहे हे दाखवणारा टिंब. दोन्ही ओळींतून सारखेच वजा करायचे. सहा घोडे दोघांकडून काढले की पहिल्याकडे उरतात तीनशे रूपये, दुसऱ्याकडे चार घोडे आणि शंभराचे कर्ज. दोघांना शंभर रूपये दिले की कर्ज फिटते आणि चार घोडे बरोबर चारशे रूपये. घोडा शंभराचा.

आता हे किमतीचे उत्तर पुन्हा कथेत घालून पाहावे. पहिल्याचे सहाशे अधिक तीनशे, म्हणजे नऊशे. दुसऱ्याचे हजार वजा शंभर, म्हणजे तेही नऊशे. सातवी-आठवीच्या मुलाला जे काही शिकायचे असते ते सारे या एका उदाहरणात आहे. अक्षर म्हणजे एक संख्या. ऋण म्हणजे कर्ज. बरोबरीचे चिन्ह म्हणजे दोन बाजूंची समान किंमत. आणि उत्तर खरे आहे की नाही हे ठरवायला मास्तरांची गरज नाही.

अज्ञात राशी एकाहून अधिक असतील तर भास्कराचार्य कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे घेतात, आणि म्हणूनच त्यांच्या ग्रंथात एकवर्ण समीकरण आणि अनेकवर्ण समीकरण असे भाग पडतात. युरोपात अक्षरांची पद्धतशीर मांडणी फ्रान्स्वा व्हिएतने १५९१ मध्ये केली, बरोबरीच्या दोन समांतर रेघा रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये वापरल्या, आणि क्ष-य सारख्या शेवटच्या अक्षरांनी अज्ञात दाखवण्याची चाल देकार्तच्या १६३७ च्या ग्रंथानंतर रूढ झाली. म्हणजे आज आठवीतल्या मुलाच्या वहीत जी एक ओळ असते तिच्यामागे हजार वर्षांची आणि अनेक देशांची मेहनत आहे. ती ओळ त्याला चार तासिकांत उमगली नाही, तर त्याला मंद ठरवण्याचा अधिकार कुणालाच नाही.

पुस्तके, मंडळे आणि राज्यांच्या सीमा

मराठीतले आधुनिक शालेय गणित मुंबई इलाख्यात घडले. १८२० च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसच्या देखरेखीखाली चार्ल्स हटनच्या इंग्रजी ग्रंथावरून मराठी पुस्तके तयार झाली. त्याआधी, १८१७ मध्ये, हेन्री कोलब्रुकने भास्कराचार्य आणि ब्रह्मगुप्त यांच्या गणिताचे इंग्रजी भाषांतर छापले होते. म्हणजे आपले बीजगणित इंग्रजीत जात असतानाच इंग्रजांचे बीजगणित मराठीत येत होते. शाळांत मात्र दुसराच प्रवाह टिकला. पुढे इंग्रजी माध्यमाच्या शाळा-कॉलेजांत हॉल आणि नाइट या जोडीच्या पुस्तकांनी पिढ्या घडवल्या. त्यांचे 'हायर अल्जिब्रा' १८८७ चे. उदाहरणांचा प्रचंड साठा आणि चढत्या क्रमाची शिस्त हे त्यांचे बळ. पद्धत शिकायची, मग चाळीस-पन्नास गणिते करायची. आपल्या आजोबांच्या तोंडी 'सराव' हा शब्द ज्या वजनाने येई, ते वजन त्या पुस्तकांचे होते.

धारवाड त्या वेळी मुंबई इलाख्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ ला ते म्हैसूर राज्यात गेले आणि शाळांचे मंडळ बदलले, तरी गणिताचा इथला मान कमी झाला नाही. कर्नाटक विद्यापीठाचे १९५४ ते १९६७ या काळातले कुलगुरू डी. सी. पावटे हे स्वतः केंब्रिजचे रँग्लर होते. गणितात नाव काढणे म्हणजे काय, हे दाखवायला धारवाडकरांना लांब जावे लागत नव्हते.

आज मळमड्डीतले एक मूल कर्नाटक मंडळाचे पुस्तक वापरते, शेजारचे केंद्रीय मंडळाचे, आणि सुट्टीत येणारी कोल्हापूरची मावसबहीण बालभारतीचे. बालभारतीत दहावीला बीजगणित आणि भूमिती यांची वेगळी पुस्तके आणि वेगळ्या परीक्षा. रेषीय समीकरणांच्या जोडीसाठी तिथे निश्चयकांची क्रेमरची पद्धतही शिकवतात. केंद्रीय मंडळात गणित एकच. एनसीईआरटीची अनेक वर्षे चाललेली पुस्तके सहावीत काड्यांच्या आकृत्यांतून अक्षराची ओळख करून देत, सातवीत साधी समीकरणे आणत आणि आठवीत एकचल समीकरणे, नित्य समानता आणि अवयव घेत. क्रम थोडा मागेपुढे, पण मजकूर बहुतांशी तोच. तीन मंडळांतली तीन भावंडे एका टेबलावर बसली तर एकमेकांची गणिते सोडवू शकतील इतके साम्य आहे. म्हणून 'आमचे मंडळ अवघड' या तक्रारीत मला फारसे बळ दिसत नाही.

एका बदलाची मात्र नोंद घ्यायला हवी. २०२२-२३ पासून एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून पूर्ण वर्ग करून वर्गसमीकरण सोडवण्याची पद्धत वगळली गेली. सूत्र राहिले, सूत्राची वाट गेली. ही वाट किती सुंदर आहे ते श्रीधराचार्यांच्या रीतीवरून पाहावे. ही रीत भास्कराचार्यांनी त्यांच्या नावाने नोंदवून ठेवली आहे. समजा २क्ष² + ३क्ष = ५. वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने, म्हणजे ८ ने, दोन्ही बाजूंना गुणा: १६क्ष² + २४क्ष = ४०. आता क्ष च्या मूळ सहगुणकाचा वर्ग, म्हणजे ९, दोन्हीकडे मिळवा: १६क्ष² + २४क्ष + ९ = ४९. डावी बाजू म्हणजे (४क्ष + ३) चा वर्ग. म्हणून ४क्ष + ३ हे ७ किंवा −७. उत्तरे १ आणि −५/२. वाटेत एकदाही अपूर्णांक आला नाही. ज्या मुलाने हे एकदा हाताने केले, त्याला ते लांबलचक सूत्र पाठ करावे लागत नाही, विसरले तर पुन्हा काढता येते. अभ्यासक्रमाचे ओझे कमी करताना नेमके समजुतीचे पान फाडले जाऊ नये, एवढीच माझी मागणी आहे.

चुका कुठे होतात

आता सुरुवातीच्या राशीकडे जवळून पाहू: ५ − २(क्ष − ३). मुलांच्या वह्यांत तिची चार उत्तरे हमखास सापडतात.

पहिले: ३(क्ष − ३), म्हणजे ३क्ष − ९. इथे मुलाने ५ मधून २ आधीच वजा केले. दुसरे: ५ − २क्ष − ३, म्हणजे २ − २क्ष. कंसाबाहेरच्या २ ने फक्त पहिल्या पदाला गुणले. तिसरे: ५ − २क्ष − ६, म्हणजे −२क्ष − १. गुणाकार दोन्ही पदांना पोचला, पण वजाचे चिन्ह दुसऱ्या पदापाशी येऊन थकले. चौथे: ५ − २क्ष + ६, म्हणजे ११ − २क्ष. हे बरोबर.

पहिल्या तिन्ही चुका 'निष्काळजीपणा' या शिक्क्याखाली जातात. खरे तर प्रत्येकीमागे एक विचार आहे, फक्त तो अर्धा आहे. डावीकडून उजवीकडे वाचायची सवय भाषेने लावलेली असते, म्हणून ५ − २ आधी होते. कंस म्हणजे अख्खी एक संख्या आहे हे न जाणवल्यामुळे गुणाकार अर्ध्यात थांबतो.

यात आपल्या पाठांतराचाही हात आहे. कंचेभागुबेव हे सूत्र प्रत्येक मराठी मुलाला येते: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. इंग्रजी माध्यमात बॉडमास. आता हेच सूत्र अक्षरशः पाळून १२ − ५ + ३ सोडवा. बेरीज आधी, म्हणून ५ + ३ = ८, आणि १२ − ८ = ४. उत्तर १० हवे होते. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर आहेत, त्यांचा क्रम डावीकडून उजवीकडे, हे सूत्रात लिहिलेले नसते. अंकांत ही चूक एखाद्याच वेळी डोके वर काढते, अक्षरे आली की मात्र ती पदोपदी छळते.

आणखी एक नेहमीचा गोंधळ राशी आणि समीकरण यांचा. ३क्ष + ६ चे अवयव पाडा म्हटले तर कित्येक मुले शेजारी '= ०' लिहून क्ष = −२ काढून मोकळी होतात. त्यांना वाटते, गणित म्हटले की शेवटी एक संख्या आलीच पाहिजे. सोपे रूप देणे म्हणजे तीच किंमत वेगळ्या वेषात लिहिणे, आणि समीकरण सोडवणे म्हणजे कोणत्या किमतीला दोन बाजू समान होतात ते शोधणे. या दोन कामांतला फरक वर्गात कुणी तोंडाने बोललेलाच नसतो.

शेवटी ते प्रसिद्ध आंबे आणि केळी. ३अ + २ब म्हणजे तीन आंबे आणि दोन केळी, असे प्रेमाने सांगितले जाते. त्या घडीला मुलाला पटतेही. पण आंबा हा आंबा आहे, संख्या नाही. मग ३अ ला ब ने गुणायची वेळ आली की आंब्यांना केळ्यांनी कसे गुणणार? अ म्हणजे एका आंब्याची किंमत असे पहिल्या दिवशी सांगितले असते तर ही अडचण आलीच नसती. भास्कराचार्यांनी घोड्यांची किंमत विचारली होती, हे इथे आठवावे.

अभ्यासकांना काय आढळले

गेल्या पन्नासेक वर्षांत या प्रश्नावर जगभर बारकाईने काम झाले आहे. कॅनडातल्या कॅरोलिन किरान यांनी १९८१ च्या सुमारास दाखवून दिले की लहान मुले बरोबरीचे चिन्ह 'आता उत्तर लिही' अशा आज्ञेसारखे वाचतात. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्राथमिक वर्गांतल्या मुलांना ८ + ४ = □ + ५ या चौकटीत कोणती संख्या येईल असे विचारले. उत्तर ७. बहुसंख्य मुलांनी १२ किंवा १७ लिहिले. कोणत्याही इयत्तेत दहा टक्के मुलांनाही ते बरोबर आले नाही. आपल्याकडे ५ + ३ = ८ × २ = १६ असे सलग लिहिण्याची सवय याच समजुतीतून येते. पाच अधिक तीन म्हणजे सोळा, असे आपण वहीत लिहून ठेवले आहे हे मुलाच्या ध्यानातही येत नाही.

इंग्लंडमध्ये डीटमार क्युशमन यांनी मुले अक्षराकडे कोणकोणत्या नजरेने पाहतात याची पायऱ्यांनी मांडणी केली. कुणी अक्षराकडे दुर्लक्षच करते, कुणी त्याला वस्तू समजते, कुणी एक ठरावीक अज्ञात संख्या, आणि फार थोडी मुले त्याला कोणतीही किंमत घेऊ शकणारा चल म्हणून पाहतात. आंबे-केळ्यांची पायरी यातली खालची.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम मुंबईतले आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांनी सहावीच्या मुलांसोबत, त्यांत मराठी माध्यमाचीही मुले होती, अंकगणिताकडून बीजगणिताकडे जाण्याची एक वाट बांधली. तिचा गाभा पद ही कल्पना. १२ − ५ + ३ ही तीन पदे: +१२, −५, +३. चिन्ह पदाला चिकटलेले. ते पदासोबतच हलते. असे पाहिले की क्रमाचा घोळ मिटतो, कारण पदे कोणत्याही क्रमाने एकत्र केली तरी उत्तर १०. आणि ५ − २(क्ष − ३) मध्ये दोनच पदे आहेत: +५ आणि −२ × (क्ष − ३). दुसरे पद हे गुणाकाराचे पद आहे, ते आधी सोडवल्याशिवाय पाचाला हात लावता येत नाही. आकडेमोड न करता नुसत्या राशींकडे पाहून त्या समान आहेत की नाहीत हे सांगायला या अभ्यासातली मुले शिकली. नियम तेच, पण आता त्यांना कारण होते. एनसीईआरटीच्या अलीकडच्या 'गणित प्रकाश' या पुस्तकांतही अक्षरांच्या आधी संख्यांच्या राशी आणि त्यांची पदे यांवर भर दिलेला दिसतो, ही समाधानाची गोष्ट आहे.

'पाया कच्चा आहे' हे शिकवणीच्या सरांचे म्हणणेही आकड्यांनी खरे ठरते. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची 'असर' या शैक्षणिक पाहणी उपक्रमाने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित जेमतेम ४३ टक्के मुलांना जमले. भागाकारच येत नसेल तर दोन्ही बाजूंना चाराने भागा हे सांगणे व्यर्थ आहे. मात्र मळमड्डीसारख्या ठिकाणी अडखळणाऱ्या मुलांत भागाकार उत्तम येणारी मुलेही पुष्कळ असतात. त्यांची अडचण वेगळी आहे आणि अधिक भागाकार करून ती सुटणार नाही.

तराजू, पक्षांतर आणि नुसता सराव

समीकरण शिकवण्याच्या दोन वाटा वर्गात दिसतात. एक तराजूची: दोन्ही पारड्यांत सारखेच घाला, सारखेच काढा. दुसरी पक्षांतराची: बाजू बदलली की चिन्ह बदलते. तराजू कारण दाखवतो, म्हणून सुरुवात त्यानेच व्हावी. पण त्यालाही मर्यादा आहे. क्ष + ७ = ३ आले की पारड्यात उणे चार किलोचे वजन कसे ठेवणार? तिथे कर्जाची भाषा कामी येते. पक्षांतर वेगवान आहे, आणि सरावलेल्या हाताला वेग हवाच. पण कारण न कळता शिकलेले पक्षांतर भलतीकडे धावते: ३क्ष = १२ मध्ये तीन पलीकडे गेला, म्हणून क्ष = १२ − ३, असे लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात भेटतात. आधी काही आठवडे दोन्ही बाजूंची क्रिया पूर्ण लिहायची आणि मुलाला कंटाळा येऊन त्यानेच मधली पायरी गाळली की मग पक्षांतराला परवानगी द्यायची, हा क्रम मला योग्य वाटतो.

सरावाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावरच प्रयोग करून दाखवले की नवशिक्या मुलांना नुसती गणितांची रास देण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणे नीट अभ्यासायला दिली तर ती अधिक लवकर शिकतात. हॉल आणि नाइट यांच्या शिस्तीला हा छेद नाही. सोडवलेले एक उदाहरण, त्यावर 'ही पायरी का चालते?' असा प्रश्न, आणि मग तसेच एक स्वतः; अशा जोडीने गेले की सरावाचे सोने होते.

भाषेचा वाटाही मोठा आहे. शाब्दिक उदाहरण इंग्रजीत वाचून थेट चिन्हांत लिहायला गेले की शब्दांचा क्रम चिन्हांचा क्रम ठरवतो. 'विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत' हे अमेरिकेत अभियांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना लिहायला सांगितले, तर तिसऱ्या हिश्शाहून अधिक जणांनी चुकीचे समीकरण लिहिले. त्या चुकलेल्यांतल्या बहुतेकांनी सहाचा आकडा विद्यार्थ्यांच्या अक्षराला चिकटवला. तेव्हा मुलाने उदाहरण आधी घरच्या बोलीत, मराठीत किंवा कन्नडमध्ये, आजीला समजेल असे सांगावे: एका मास्तरामागे सहा पोरे. मास्तर दहा असतील तर पोरे साठ. मग कोणाला सहाने गुणायचे ते आपोआप दिसते. तीन भाषांत वावरणारे मळमड्डीचे मूल या बाबतीत नशीबवान आहे. एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगून पाहण्याची संधी त्याला रोज मिळते.

ताळ्याचे शास्त्र

आता मुख्य मुद्द्याकडे. ताळा म्हणजे परीक्षेत वेळ उरला तर करायची गोष्ट, असा आपला समज आहे. बीजगणितात तो कामाचाच भाग आहे, आणि त्यामागे पक्के गणित आहे.

राशीचा ताळा असा. ५ − २(क्ष − ३) मध्ये क्ष ला एक किंमत द्या, समजा ४. मूळ राशी ५ − २ × १ = ३. आता वरची चार उत्तरे तपासा. २ − २क्ष ची किंमत −६, −२क्ष − १ ची −९, दोन्ही बाद. ११ − २क्ष ची ३. पण ३क्ष − ९ चीही ३! एका किमतीने फसवले. क्ष ला १० द्या. मूळ राशी ५ − १४ = −९. ३क्ष − ९ ची किंमत २१, बाद. ११ − २क्ष ची −९, खरी. यातून दोन धडे मिळतात. ताळा एकदा जरी चुकला तरी उत्तर नक्की चूक. एकदा जुळला म्हणून नक्की बरोबर नाही. मग किती वेळा जुळावा? राशींत क्ष चा घात एकच असेल तर दोन वेगवेगळ्या किमतींना जुळणे पुरते, कारण दोन बिंदूंतून एकच रेषा जाते. वर्ग असेल तर तीन, घन असेल तर चार. म्हणजे हा अंदाजपंचे प्रकार नाही. ही पुरती सिद्धता आहे.

शून्य आणि एक या किमती टाळाव्यात. (क्ष + ३)² म्हणजे क्ष² + ९ असे समजणाऱ्या मुलाने शून्य घातले तर दोन्हीकडे ९ येतात आणि चूक दडून बसते. २ घातले की २५ आणि १३. चूक उघडी पडते.

समीकरणात तर ताळ्यावाचून काही वेळा उत्तरच अपुरे राहते. वर्गमूळ क्ष = क्ष − २ घ्या. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष² − ५क्ष + ४ = ०, म्हणून क्ष = १ किंवा ४. एकही पायरी चुकलेली नाही. तरी १ घालून पाहा: डावीकडे १, उजवीकडे −१. वर्ग करताना एक पाहुणे उत्तर आत शिरले होते, ते फक्त ताळ्याने बाहेर जाते. उलट क्ष² = ५क्ष मध्ये दोन्ही बाजूंना क्ष ने भागणारा मुलगा ५ मिळवतो आणि शून्य गमावतो. भागताना तो क्ष शून्य नाही असे न सांगता धरून चालतो. हरवलेले उत्तर ताळ्याने परत मिळत नाही. त्यासाठी प्रत्येक पायरीला 'ही उलट दिशेने चालेल का?' हा प्रश्न विचारावा लागतो.

दुसरा ताळा कथेचा. भास्कराचार्यांचे माकडांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून जी संख्या येते तिच्या वर्गाइतकी माकडे गुहेत गेली, एक झाडावर दिसते, एकूण किती? समीकरणाची उत्तरे दोन, ५० आणि ५, आणि समीकरणात दोन्हींचा ताळा जुळतो. पण कळप पाचाचा धरला तर पाचवा हिस्सा एक, आणि त्यातून तीन माकडे वजा करायची! हे लोकांना पटणारे नाही म्हणून भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर सोडले. साडेआठशे वर्षांपूर्वीचा हा गणिती उत्तर मिळाल्यावर थांबत नाही, त्याला जगासमोर उभे करून पाहतो. ही सवय एका परीक्षेपुरती नाही, आयुष्यभर पुरणारी आहे.

फोनच्या काळात

आता समीकरणासमोर फोन धरला की पायऱ्यांसकट उत्तर येते. फोटोमॅथसारखी साधने २०१४ पासून आहेत, आणि २०२२ च्या अखेरीपासून संभाषण करणारी यंत्रेही गणिते सोडवून देतात. त्यांना घरातून हद्दपार करणे शक्य नाही आणि गरजेचेही नाही. सोडवलेले उदाहरण वाचायला मिळणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण या यंत्रांची उत्तरे कधी चुकतात, आणि चुकली तरी तितक्याच ठाम भाषेत येतात. ती चूक कोण पकडणार? ज्याला ताळा पाहता येतो तो. ज्या काळात उत्तर फुकट मिळते, त्या काळात उत्तर पारखणाऱ्याची किंमत वाढते.

मग करायचे काय? शाळांनी प्रश्नपत्रिकेत ताळ्याला वेगळे गुण द्यावेत. गुण मिळतात तेच मुले करतात, हे सगळ्या मंडळांना ठाऊक आहे. शिकवणीच्या वर्गांनी रोज एक चुकीचे सोडवलेले उदाहरण फळ्यावर लिहावे आणि कोणती किंमत घालून ते खोटे पाडता येईल हे मुलांना शोधू द्यावे. सहावी-सातवीतच, अक्षरे यायच्या आधी, संख्यांच्या राशींतली पदे ओळखण्याला महिनाभर वेळ द्यावा; पुढची तीन वर्षे तो वेळ व्याजासकट परत मिळतो. आणि घरी पालकांना बीजगणित येत नसले तरी बिघडत नाही. 'उत्तर बरोबर आहे का?' असे मुलाने विचारले की पुस्तकाचे मागचे पान उघडू नये, फोन उचलू नये. 'घालून बघ' एवढे दोन शब्द बोलावेत आणि त्याचे बघून होईपर्यंत थांबावे. मळमड्डीतल्या कोणत्याही घराला, कोणत्याही भाषेत, हे आजपासून जमण्यासारखे आहे.